मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं नाही

खंडेनवमी दोन दिवसांवर आली. शेतकरी नांगर-कुळव धुऊन ठेवतील, गॅरेजवाला पाने पुसून मांडेल, छापखान्यात यंत्राला झेंडूचा हार चढेल. आणि आपल्या तालुक्यात ज्यांच्याकडे परवान्याचं हत्यार आहे, ते कपाटातून पिस्तूल काढतील, फडक्यानं पुसतील, पाटावर ठेवून हळद-कुंकू वाहतील. त्यातले काही जण ‘वर्षातून एकदा तरी उघडून साफ करावं’ म्हणून ते खोलायलाही बसतील. घरात पाहुणे असतात, पोरं भोवती घुटमळत असतात, कोणीतरी मोबाइलवर फोटो काढत असतो.

ही पोस्ट त्या पाटावरच्या पिस्तुलाबद्दल आहे. परवाना कोणाला मिळावा, कोणाला नको, तो वाद आज बाजूला ठेवू. ज्यांना मिळाला आहे त्यांच्या घरात या आठवड्यात काय होऊ शकतं, एवढंच बोलायचं आहे.

आधी आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. ‘पिस्तूल साफ करताना अचानक गोळी सुटली’ हे वाक्य बातम्यांमध्ये ठरलेलं आहे. नाव आणि गाव बदलतं, वाक्य तेच राहतं. वाचणारा चुकचुकतो आणि पुढच्या बातमीकडे जातो, कारण वाक्याचा अर्थच असा निघतो की वीज पडावी तशी गोळी सुटली, त्यात कोणाचं काही चुकलं नाही. याच्याच जोडीला दुसरा शब्द आहे, ‘मिसफायर’. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. बाहेरगावी निघायची गडबड होती, कपाटात ठेवताना रिव्हॉल्व्हर हातातून पडलं आणि गोळी सुटली, असं तेव्हा सांगण्यात आलं. त्या दिवशी चॅनेलवर हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकला.

गंमत बघा, शस्त्राच्या भाषेत मिसफायरचा अर्थ नेमका उलटा आहे. चाप ओढला, पण काडतूस पेटलंच नाही, याला मिसफायर म्हणतात. नको तेव्हा गोळी सुटली, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा की हत्यार भरलेलं होतं, ते रिकामं आहे असं कोणीतरी धरून चाललं आणि चापावर बोट गेलं. चांगल्या अवस्थेतलं आजचं पिस्तूल नुसतं टेबलावर पडून असताना स्वतःहून उडत नाही. हत्यार जुनं, झिजलेलं किंवा तुटलेलं असेल तर पडल्यावर उडू शकतं. पण तिथेही ते भरलेलं का होतं, हा प्रश्न राहतोच.

हे फक्त हौशी लोकांच्या हातून होतं असं समजू नका. ८ डिसेंबर २०२३ ला उत्तर प्रदेशात अलिगढच्या एका पोलीस ठाण्यात एक महिला पासपोर्टच्या पडताळणीसाठी आली होती. फौजदाराच्या टेबलासमोर उभी होती. सीसीटीव्हीत दिसतं की दुसरा कर्मचारी येऊन पिस्तूल फौजदाराच्या हातात देतो, ते हाताळताना गोळी सुटते आणि समोरच्या महिलेच्या डोक्याला लागते. काही दिवसांनी ती गेली. जानेवारी २०२५ मध्ये लुधियाना पश्चिमचे आमदार गुरप्रीत गोगी यांचा त्यांच्या घरी, त्यांच्याच परवान्याच्या पिस्तुलाची गोळी डोक्याला लागून मृत्यू झाला. पिस्तूल साफ करत होते, अशी माहिती तेव्हा बातम्यांत आली. एकीकडे खात्यानं प्रशिक्षण दिलेला माणूस, दुसरीकडे लोकांनी निवडून दिलेला. हुद्द्यानं पिस्तूल रिकामं होत नाही.

मग साफ करायला घेतलेल्या पिस्तुलात गोळी येते कुठून? इथे आपल्याकडची एक खास अडचण आहे.

आपल्या भागात बंदूक म्हटली की आजोबांची बारा बोअर. कोकणात गेलात तर पीकसंरक्षणाची ठासणीची बंदूक. दुनळी बंदूक मधून मोडली की दोन्ही नळ्यांतून पलीकडचं दिसतं. काडतूस असेल तर समोरच दिसतं, वादच नाही. नेहमीच्या रिव्हॉल्व्हरचंही तसंच, चक्र बाहेर काढलं की घरं मोजता येतात. ज्यांनी ही हत्यारं पाहिली, त्यांच्या डोक्यात एक गणित पक्कं बसलं आहे, की काडतुसं काढली की हत्यार रिकामं. गेल्या काही वर्षांत परवानाधारकांच्या कमरेला .३२ चं पिस्तूल आलं आणि हे गणित तिथे लागू पडत नाही.

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात काडतुसं मुठीच्या आत, मॅगझिनमध्ये असतात. वरची स्लाइड मागे ओढून सोडली की ती पुढे येताना मॅगझिनमधलं सगळ्यात वरचं काडतूस ढकलत नळीच्या मागच्या घरात, म्हणजे चेंबरमध्ये, नेऊन बसवते. गोळी झाडली की स्लाइड धक्क्यानं मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि परत येताना पुढचं काडतूस आत नेते. म्हणजे मॅगझिनमध्ये काडतुसं आहेत तोवर प्रत्येक गोळीनंतर पुढची गोळी आपोआप तयार. सोय म्हणून हे यंत्र असंच बनवलं आहे.

आता तुम्ही मॅगझिन काढलंत. मूठ पोकळ झाली, हातात मॅगझिन आलं, मनाला वाटलं झालं रिकामं. पण चेंबरमध्ये गेलेलं एक काडतूस तिथेच आहे. ते मॅगझिनबरोबर खाली येत नाही. बाहेरून पाहिलं तर स्लाइड बंद, सगळं नीटनेटकं.

दुसरी चूक क्रमाची. काही जण आधी स्लाइड ओढतात, चेंबरमधलं काडतूस बाहेर पडलेलं बघतात, खूश होतात आणि मग मॅगझिन काढतात. पण मॅगझिन आत असताना स्लाइड पुढे आली की तिनं पुढचं काडतूस चेंबरमध्ये भरलेलं असतं. एक काढलं आणि एक घातलं. म्हणून आधी मॅगझिन, मग स्लाइड. हा क्रम उलटा झाला की जीवावर बेततं.

तिसरी गोष्ट जास्त फसवी आहे. काही पिस्तुलांत मॅगझिन काढलं की चाप चालत नाही, अशी सोय असते. बेल्जियमच्या एफएन कंपनीचं १९३५ चं ब्राउनिंग हाय-पॉवर त्यातलंच, आणि आपल्याकडे फौजेत-पोलिसांत वर्षानुवर्षं वापरलेलं ईशापूरचं ९ एमएम त्याच्याच बनावटीवरून आलेलं. पण पुष्कळ पिस्तुलांत ही सोय नसते. ग्लॉकमध्ये ती साधारणपणे नसते, मॅगझिन बाहेर असतानाही चेंबरमधली गोळी सुटते. एका पिस्तुलावर लागलेली सवय दुसऱ्यावर घात करते ती अशी. वर ग्लॉकसारख्या काही पिस्तुलांत स्लाइड उतरवण्याआधी चाप ओढावाच लागतो, ती खोलण्याच्या पद्धतीतलीच पायरी आहे. म्हणजे चेंबर न बघता खोलायला घेतलं, तर माणूस आपल्याच हातानं, शांतपणे, नियमाप्रमाणे गोळी झाडतो. ‘साफ करताना अचानक सुटली’ या बातमीमागे पुष्कळदा एवढंच असतं.

तेव्हा मंडळी, ज्यांना खोलून साफ करायचंच आहे त्यांच्यासाठी नीट लिहितो. पिस्तुलाबरोबर आलेली माहितीपुस्तिका ही पहिली गुरू, प्रत्येक बनावटीची खोलायची रीत वेगळी असते. पण त्याआधीच्या पायऱ्या सगळ्यांना सारख्या.

पहिलं, जागा. देवघरासमोर नाही, जेवणाच्या टेबलावर नाही, पोरांच्या देखत नाही. वेगळी खोली, दार बंद, फोन बाहेर. नळीचं तोंड पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच सुरक्षित दिशेला. वाळूनं भरलेली मोठी बादली किंवा वाळूची पोती रचून ठेवली तर उत्तम. पत्र्याचा किंवा पातळ विटांचा आडोसा भरवशाचा नाही, पलीकडे स्वयंपाकघर असतं हे ध्यानात ठेवा.

दुसरं, बोट. ते चापावर नाही, चापाच्या कड्यातही नाही. बाहेर, अंगाला सरळ टेकवलेलं.

तिसरं, मॅगझिन काढून बाजूला. मग स्लाइड पूर्ण मागे ओढा. आत काडतूस असेल तर बाहेर उडेल. ते झेलायला जाऊ नका, खिडकीवर तळहात धरू नका, पडू द्या खाली. स्लाइड मागेच अडकवून ठेवा. आता उजेडात चेंबर डोळ्यांनी बघा. मग करंगळीचं टोक घालून चाचपा, कारण अंधारात आणि घाईत डोळा फसतो. मॅगझिनची पोकळीही बघा. मग पुन्हा एकदा चेंबर बघा. दोनदा बघितलं म्हणून कोणी कमीपणाचं समजत नाही.

चौथं, सगळी काडतुसं आणि भरलेली मॅगझिन त्या खोलीच्या बाहेर. साफसफाई चालू असताना खोलीत एकही जिवंत काडतूस नको. मध्ये उठून गेलात, चहा आला, कोणी हाक मारली, तर परत आल्यावर पहिल्यापासून तपासा. मघाशीच बघितलं होतं, हे चालत नाही.

एवढं झाल्यावरच खोला. तेही फक्त वरवरचं. स्लाइड, नळी, स्प्रिंग आणि तिची दांडी, खालचा सांगाडा, एवढेच भाग सुटे होतात आणि घरच्या सफाईला एवढेच पुरतात. स्प्रिंग ताणलेली असते, उडून डोळ्याला लागते, म्हणून साधा चष्मा तरी लावा. चापाची, घोड्याची आतली यंत्रणा उचकटायला जाऊ नका. ते काम शिकलेल्या आर्मररचं, किंवा परवाना असलेल्या शस्त्रदुरुस्तीवाल्याचं.

नळीत ब्रश शक्यतो मागून, चेंबरच्या बाजूनं घालायचा. मग सफाईचं द्रावण लावलेली चिंधी, ती काळी येत राहील, स्वच्छ यायला लागली की कोरडी. शेवटी नळी आणि चेंबर कोरडं हवं. स्लाइड जिथे सरकते त्या खाचांना तेलाचा हलका हात पुरे. पिस्तूल तेलात बुडवणं म्हणजे निगा नव्हे. जास्तीच्या तेलात धूळ बसते, आणि तेल काडतुसापर्यंत गेलं तर ऐनवेळी ते पेटत नाही. (खरं मिसफायर ते.) घरातलं खोबरेल तर मुळीच नको, थंडीत ते गोठतं आणि भाग चिकटून बसतात. रॉकेल-पेट्रोल वापरणाऱ्यांनी समोर निरांजन किंवा उदबत्ती पेटलेली नाही ना, एवढं तरी बघावं. वापरलेल्या पिस्तुलातल्या काजळीत शिसं असतं, म्हणून हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, नंतर साबणानं हात धुतल्याशिवाय पोराला उचलू नका की घास घेऊ नका.

जोडून झालं की स्लाइड एक-दोनदा मागेपुढे करून बघा, तोंड अजूनही वाळूकडेच. मग पिस्तूल रिकामं आणि कुलूपबंद, काडतुसं दुसऱ्या कुलपात. आणि पूजा करायची असेल तर या सगळ्यानंतर, रिकाम्या हत्याराची. कुंकू-अक्षता चापात आणि नळीत जाणार नाहीत असं वाहा. देवीला भरलेलं पिस्तूल लागत नाही.

आता यावर काय ऐकायला मिळणार, ते मला माहीत आहे.

एक, ‘आम्ही वीस वर्षं बंदूक वापरतो, आम्हाला काय शिकवता?’ दादा, वर सांगितलंच. वीस वर्षं दुनळी वापरली असेल तर पिस्तुलाबाबत ती सवयच नडते. नवख्याला निदान भीती असते.

दोन, ‘संरक्षणासाठी घेतलंय, रिकामं ठेवून काय उपयोग?’ अंगावर बाळगताना कसं ठेवायचं तो वेगळा विषय. साफ करताना, पूजेत मांडताना, पाहुण्याला दाखवताना, ठाण्यात जमा करताना कुणापासून संरक्षण करायचं आहे?

तीन, ‘खरा प्रश्न गावठी कट्ट्यांचा आहे, परवान्यावाल्यांच्या मागे का लागता?’ कट्ट्यांचा प्रश्न मोठाच आहे, त्यावर मी लिहितो आणि लिहीनही. पण कट्टेवाला आपलं नाव-पत्ता घेऊन कार्यालयात येत नाही. परवानाधारक येतो. त्याची फाइल आहे, नूतनीकरणाची तारीख आहे. जे आपल्या हातात आहे, ते तरी नीट करू.

म्हणून माझं म्हणणं प्रशासनाकडे वळतं. २०२५ च्या सुरुवातीला बीडच्या शस्त्रपरवान्यांवरून राज्यभर चर्चा झाली. कोणाला दिले, कोणाच्या शिफारशीनं दिले, किती रद्द केले. ती व्हायलाच हवी होती. पण ज्यांच्याकडे परवाना राहिला, त्यांना ते हत्यार रिकामं करता येतं का, हा प्रश्न त्या गदारोळात ऐकू आला नाही. कायद्यात सोय नाही असंही नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षा प्रशिक्षणाची तरतूद आहे, त्यात सुरक्षित हाताळणी, निगा, साठवण सगळं येतं. २०१९ च्या दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली. म्हणजे तपासणीची संधी आता पाच वर्षांतून एकदाच. ती सोडू नये.

तीन साध्या मागण्या आहेत, कोणाला मोठा खर्च नाही.

पहिली मागणी, नूतनीकरणाच्या वेळी जिल्हा पोलीस मुख्यालयात आर्मररसमोर पाच मिनिटांचं प्रात्यक्षिक. सरावाची बनावट काडतुसं भरलेलं हत्यार द्यायचं आणि सांगायचं, हे रिकामं करून दाखवा. ज्याला आधी मॅगझिन, मग स्लाइड, मग डोळा आणि बोट हा क्रम जमला नाही, त्यानं शिकून परत यावं, तोवर हत्यार ठाण्यात. गाडीचा परवाना देताना आपण आठ काढायला लावतो. इथे निदान शून्य तरी दाखवायला लावा.

दुसरी मागणी ठाण्यासाठी. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायचे आदेश निघतात. मग ठाणे अंमलदाराच्या टेबलावर, तक्रारदारांच्या गर्दीत, एकानं दुसऱ्याच्या हातात पिस्तूल द्यायचं. अलिगढचं ते टेबल आठवा. हत्यार जमा करायची जागा गर्दीपासून वेगळी हवी, तिथे वाळूचा एक पिंप हवा आणि हत्यार तोंड पिंपात धरूनच रिकामं करून तपासलं जावं. पिंप आणि वाळू कुठलंही ठाणं आणू शकतं.

तिसरी मागणी आमच्या बिरादरीकडे. ‘अचानक’ आणि ‘मिसफायर’ हे शब्द वापरायचे थांबवू या. तपास व्हायच्या आत कोणाला दोषी ठरवायचं नाही, हे बरोबरच. तसंच कोणाला आधीच निर्दोष सोडायचंही आपलं काम नाही. ‘हाताळताना गोळी सुटली’ एवढं लिहा आणि पुढे विचारा: चेंबर तपासलं होतं का? नळी कुणाकडे होती? काडतुसं कुठे होती? कायदाही याला निव्वळ नशीब मानत नाही. दुसऱ्याच्या जीवाला धोका होईल असं हत्यार निष्काळजीपणे वापरलं तर २०१९ पासून शस्त्र कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. निष्काळजीपणानं कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत. लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार झाला तर आपण हे लिहितो. घरात पोराला किंवा बायकोला गोळी लागली की मात्र ‘दुर्दैवी अपघात’ लिहून गप्प बसतो, कारण ते कुटुंब आधीच दुःखात असतं. त्यांचं दुःख खरं आहे. पण पुढच्या घरात तेच होऊ नये, हेही खरं आहे.

तुमच्या ओळखीत परवानाधारक कोणी असेल, काका, सरपंच, बँकेचा सुरक्षारक्षक, तर खंडेनवमीच्या आधी त्याला एकच प्रश्न विचारा: ‘मॅगझिन काढलं की झालं का हो रिकामं?’ ‘हो’ म्हणाला, तर ही पोस्ट त्याला पाठवा. आणि त्या दिवशी त्याच्याकडे पूजेला जाणार असाल, तर पोरांना घरीच ठेवा.